बांधाच्या मोजणीत क्षेपणास्त्राची अट

रोव्हरच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असते: कमाल वेग ५१५ मीटर प्रति सेकंद. त्याच्या वर अचूकता दिलेली असते, बॅटरी किती तास चालते ते असतं, पावसात भिजलं तर काय, काठीवरून पडलं तर काय, तेही असतं. ते सगळं मला समजलं. ही ओळ समजली नाही. रोव्हर म्हणजे दोन मीटरच्या काठीवर बसवलेला रिसीव्हर. ती काठी हातात धरून आम्ही बांधाबांधाने चालतो, खुणेच्या दगडावर टेकवतो, बबल मध्ये आणतो आणि बटण दाबतो. ५१५ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी १,८५० किलोमीटर. जमीन मोजणाऱ्या यंत्राला हा आकडा कशाला हवा?

सिव्हिलचा डिप्लोमा करून मी एका खासगी मोजणी ऑफिसात नुकतीच लागले होते. सरांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, ती निर्यातीची अट असते. त्याच्या वर वेग गेला की यंत्र जागा दाखवणं बंद करतं. क्षेपणास्त्रात बसवता येऊ नये म्हणून." एवढं सांगून ते पुढच्या फाइलकडे वळले. मी मात्र तिथेच अडकले.

मग शोधत गेले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांची कोकॉम नावाची एक समिती होती. सोव्हिएत गटाला कोणतं तंत्रज्ञान विकायचं नाही, ते ही समिती ठरवायची. हजार नॉट वेग, म्हणजे तेच ५१५ मीटर प्रति सेकंद, आणि १८,००० मीटर उंची ही मर्यादा तिथली. १९९४ साली समिती गुंडाळली गेली, आकडा यंत्रांत राहून गेला. क्षेपणास्त्रांच्या तंत्रज्ञानावर लक्ष ठेवणारा एमटीसीआर नावाचा देशांचा गट १९८७ पासून आहे. त्याच्या यादीत आज हीच मर्यादा ६०० मीटर प्रति सेकंद आहे. आणि २०१६ पासून भारत त्या गटाचा सदस्य आहे, म्हणजे ही अट पाळायला लावणाऱ्यांत आता आपणही आलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेची मोजणी आली. दोन भावांची वाटणी होती, हद्द कायम करून हवी होती. थोरले भाऊ तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण गावात सगळे त्यांना मेजरच म्हणत. सर पुढे दगड शोधत होते आणि मी काठी घेऊन मागे. द्राक्षबागेत रोव्हर चालवणं जिकिरीचं असतं. मांडवाचे लोखंडी अँगल आणि वरच्या तारा यांच्यावर आदळून लहरी वाकड्या वाटेने रिसीव्हरपर्यंत येतात. स्क्रीनवरचा फिक्स जातो आणि फ्लोट येतो. फिक्स म्हणजे एक-दोन सेंटिमीटरची खात्री, फ्लोट म्हणजे हातभर इकडे किंवा तिकडे. भावाभावांच्या वाटणीत हातभर चालत नाही. म्हणून मोकळ्या बांधावर जाऊन फिक्सची वाट पाहत उभी होते.

मेजर येऊन कंट्रोलरमध्ये डोकावले. त्यावर आकाशाचं वर्तुळ होतं आणि वर्तुळात अक्षरं लावलेले ठिपके. मी सांगत गेले: जी म्हणजे अमेरिकेचा जीपीएस, आर म्हणजे रशियाचा ग्लोनास, ई युरोपचा गॅलिलिओ, जे जपानचा, आय आपला नाविक.

"आन् हा सी?"

"तो चीनचा, काका. बायदू."

ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी माझा बांध अमेरिका, रशिया आन् चीन तिघं मिळून मोजून ऱ्हायले. ताई, उद्या यांचं आपसात जुंपलं, नाहीतर आपलंच यांच्याशी जुंपलं, तर ह्ये बंद करतील का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, उलट मलाच माझ्या धंद्याविषयी एक गोष्ट सांगितली जी डिप्लोम्याच्या तीन वर्षांत कोणी सांगितली नव्हती. तोफखान्यात मोजणी करणारे वेगळे जवान असतात. तोफ कुठे उभी आहे हेच नक्की माहीत नसेल तर गोळा कुठे पडेल हे कसं सांगणार? म्हणून लढाईच्या आधी त्यांची मोजणी होते. त्यांच्या डायरेक्टर नावाच्या यंत्रावर अंश नसतात, मिल असतात, पूर्ण वर्तुळाचे ६,४००. "तुम्ही बांधावर जे करता, त्येच आम्ही तोफेखाली करायचो," ते म्हणाले. तेवढ्यात ओझरच्या दिशेने एक सुखोई गडगडत गेलं. ओझर निफाड तालुक्यातच येतं आणि एचएएलचा विमान कारखाना तिथे आहे. ब्राह्मोस क्षेपणास्त्र उचलता यावं म्हणून सुखोईत जे बदल करायचे होते तेही नाशिकच्या या कारखान्यात झाले आणि जून २०१६ मध्ये ब्राह्मोस घेऊन पहिलं उड्डाण इथूनच झालं. त्या आवाजाखाली काठीचा बबल सांभाळत उभी असताना माहितीपत्रकातली ती ओळ मला एकदम जवळची वाटली. फिक्स आला. मी बिंदू नोंदवला. मेजरांचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर ऑफिसात आला.

सुरुवात अगदी मुळापासून करावी लागली. हे उपग्रह जागा सांगतच नाहीत, ते फक्त वेळ सांगतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. "आत्ता इतके वाजले आणि मी इथे आहे" एवढंच तो सतत पाठवत राहतो. जीपीएसचा उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर असतो, तिथून निघालेली लहर आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला त्यावरून अंतर, आणि कमीत कमी चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा. वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतरात ३० सेंटिमीटरची होते. भावकीत डोकी फुटायला तेवढी पुरते.

हे सगळं उभारलं कोणी, तर लष्करांनी. जीपीएसचं काम अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये सुरू केलं, पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. आज त्याचा कारभार अमेरिकेच्या अंतराळ सेनेकडे आहे. सोव्हिएत संघाने ग्लोनासचा पहिला उपग्रह १९८२ मध्ये सोडला, तोही लष्करासाठीच. मग जीपीएस माझ्या काठीपर्यंत आलं कसं? इथे एक दुर्घटना मध्ये येते. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. सखालिन बेटाजवळ सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्याच महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की जीपीएस पूर्ण झाल्यावर जगभरच्या नागरी वाहतुकीला ते मोफत वापरता येईल.

मोफत दिलं, पण धार बोथट करून. नागरी लहरींत मुद्दाम चूक मिसळलेली असे. तिला सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी म्हणत. त्यामुळे सामान्य रिसीव्हर १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे, लष्कराच्या रिसीव्हरला मात्र खरी जागा कळे. कारगिलच्या युद्धात अमेरिकेने आपल्याला जीपीएस नाकारलं, ही हकीकत आपल्याकडे जागोजागी सांगतात. मेजरांनीही सांगितली. त्यात पक्कं काय ते मी बघितलं: १९९९ च्या त्या उन्हाळ्यात ही चूक सगळ्या जगासाठी चालूच होती. बाजारातला रिसीव्हर घेऊन डोंगराच्या धारेवर उभ्या राहिलेल्या जवानाला आपण धारेच्या अलीकडे की पलीकडे, एवढंही त्यावरून खात्रीने कळलं नसतं. नकार वेगळा द्यायची गरजच नव्हती, तो लहरीतच मिसळलेला होता.

आणि तरी ही चूक टिकली नाही. १९९० मध्ये आखाती युद्धाची तयारी सुरू झाली तेव्हा अमेरिकी सैन्याकडे लष्करी रिसीव्हर अपुरे होते, सैनिक बाजारातलेच वापरत होते. म्हणून लष्कराला स्वतःच मिसळलेली चूक काही महिने बंद ठेवावी लागली. पुढे त्यांच्याच तटरक्षक दलाने बंदरांपाशी केंद्रं उभारली. केंद्राची जागा आधीच अचूक मोजलेली असे, म्हणून लहर किती खोटं बोलते आहे हे तिथे कळे आणि ती दुरुस्ती रेडिओवरून जहाजांना दिली जाई. एक खातं चूक घालत होतं आणि दुसरं ती काढत होतं. हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसले, कारण मी रोज करते ते हेच. भारतीय सर्वेक्षण विभागाची कॉर्स केंद्रं अशीच पक्क्या जागेवर उभी राहून मोबाइलवरून माझ्या रोव्हरला दुरुस्ती पाठवतात. चूक लपवण्यात अर्थ उरला नव्हता. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती बंद झाली. २००७ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की नव्या पिढीच्या उपग्रहांत ही सोयच ठेवणार नाही.

एवढं वाचून मला वाटलं की मेजरांना सांगावं, आता भीती नाही. पण पुढचा भाग वाचला आणि थांबले.

युरोपने गॅलिलिओ बांधायचं ठरवलं. हा प्रकल्प नागरी ताब्यातला, पण त्यात एक बंद कप्पाही ठेवायचा होता: पीआरएस, म्हणजे फक्त सरकारं, पोलीस आणि सैन्यं यांच्यासाठीची कूटबद्ध लहर. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेचे संरक्षण उपमंत्री पॉल वूल्फोविट्झ यांनी युरोपीय देशांच्या संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून काळजी कळवली. मित्रदेश आपली वेगळी व्यवस्था बांधतायत याचा राग असेल, असं मला आधी वाटलं. मुद्दा वेगळा होता. अमेरिका आपल्या सैन्यासाठी एम-कोड नावाची नवी लहर आणत होती आणि युरोपच्या पीआरएसची लहर वारंवारतेच्या त्याच पट्ट्यावर बसत होती. युद्धभूमीवर शत्रूने खुल्या लहरी वापरू नयेत म्हणून अमेरिकी लष्कर तेवढ्या भागात त्या गोंगाट करून बुजवतं आणि स्वतः एम-कोडवर चालत राहतं. पण शत्रूच्या हाती युरोपची लहर लागली आणि ती एम-कोडवरच बसलेली असली, तर ती बुजवताना आपलीही बुजते. सामाईक भिंतीसारखं: शेजाऱ्याची बाजू पाडायला जावं तर आपलीच खोली उघडी पडते.

वाटाघाटी चालू राहिल्या. २६ जून २००४ रोजी आयर्लंडमधल्या ड्रोमोलँड कॅसल इथे करार झाला. अमेरिकेतर्फे कॉलिन पॉवेल यांनी सही केली, युरोपीय आयोगाच्या लोयोला दे पालासिओ आणि आयर्लंडचे ब्रायन कोवेन यांनी युरोपतर्फे. युरोपने आपली बंद लहर बाजूला सरकवली. खुली लहर मात्र दोघांनी एकाच मध्यवारंवारतेवर, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ठेवली आणि तिचा आकारही जुळवून घ्यायचं ठरवलं. २००७ मध्ये तो आकार आणखी सुधारला.

हे कळायला मला फार वेळ लागला आणि कळल्यावर झोप लागली नाही. माझ्या रोव्हरमध्ये जी आणि ई शेजारीशेजारी बसून एकमेकांना मदत करतात, त्याच्या मुळाशी असलेल्या कराराचा अर्धा भाग असा आहे, की गरज पडली तर कोणाला कोणाच्या खुल्या लहरी बुजवता याव्यात आणि आपल्या बंद लहरींना धक्का लागू नये. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर. सुरुवातीला मला यात फसवणूक दिसली. आता तसं वाटत नाही. सैन्याचा कप्पा वेगळा आणि सुरक्षित झाला म्हणूनच खुला भाग जगाला मोकळेपणाने देता आला. विश्वासातून झालेला करार एखाद्या निवडणुकीनंतर मोडला असता. हा हिशेबातून झाला म्हणून टिकला, असं माझं मत आहे.

तो हिशेब ज्यांच्याशी जुळला नाही त्यांचं काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. चीन २००३ मध्ये गॅलिलिओत सामील झाला होता, २० कोटी युरो देण्याची तयारी दाखवून. पण बंद कप्प्याची किल्ली काही त्याला मिळणार नव्हती. चीनने आपलं बायदू वाढवलं आणि त्याच्या लहरी युरोपच्या पीआरएसच्याच पट्ट्यात येऊन बसल्या. म्हणजे अमेरिकेने युरोपला जे म्हटलं होतं, तेच म्हणायची पाळी युरोपवर आली. जुलै २०२० मध्ये बायदू जगभरासाठी पूर्ण झालं. ब्रिटन तर गॅलिलिओच्या बांधणीत सुरुवातीपासून होता. युरोपीय संघ सोडल्यावर बंद कप्पा पूर्वीसारखा मिळणार नाही हे दिसलं, तेव्हा २०१८ च्या शेवटी थेरेसा मे यांनी सांगितलं की ब्रिटन संरक्षणासाठी गॅलिलिओ वापरणार नाही. भारताचाही सप्टेंबर २००५ मध्ये दिल्लीच्या शिखर परिषदेत गॅलिलिओबाबत युरोपशी करार झाला होता. त्याआधी डिसेंबर २००४ मध्ये रशियाशी ग्लोनाससाठी झाला होता. दोन्हीकडे हात पुढे करून आपण २००६ मध्ये स्वतःच्या उपग्रहांना मंजुरी दिली. मला हे शहाणपणाचं वाटतं.

सहकार्याचा दुसरा भाग इतका रुक्ष आहे की त्याची बातमी होत नाही, पण माझी भाकरी त्यावर आहे. प्रत्येक व्यवस्थेची वेळ वेगळी. जीपीएस ६ जानेवारी १९८० पासून सेकंद मोजतं, बायदू १ जानेवारी २००६ पासून, आणि दोघांत १४ सेकंदांचा फरक आहे. ग्लोनास मॉस्कोच्या घड्याळाने चालतं आणि जगाच्या वेळेत मधूनमधून जे लीप सेकंद घातले जातात ते तेही घेतं, जीपीएस घेत नाही. त्यामुळे तासांचा फरक काढून टाकला तरी त्यांच्यात १८ सेकंद उरतात. १८ सेकंदांत प्रकाश ५४ लाख किलोमीटर जातो! ही सगळी घड्याळं नॅनोसेकंदापर्यंत जुळवली नाहीत तर आर आणि जी एका गणितात घेताच येणार नाहीत. म्हणून ड्रोमोलँडच्या करारातच ठरलं होतं की जीपीएस आणि गॅलिलिओ यांच्या वेळांमधला फरक उपग्रहांनीच सांगायचा. पृथ्वीचा नकाशा कोणता धरायचा हाही तसाच प्रश्न. अमेरिकेचं डब्ल्यूजीएस-८४ आणि रशियाचं पीझेड-९० ही आज दोन्ही एकाच आंतरराष्ट्रीय चौकटीला जुळवून घेतलेली आहेत.

हे जुळवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २००५ साली आयसीजी नावाची समिती स्थापन झाली. तिचं सचिवालय व्हिएन्नात आहे. अमेरिका, रशिया, चीन, युरोपीय संघ, जपान आणि भारत तिथे एका टेबलाशी बसतात. २००७ ची आणि २०१९ ची बैठक बेंगळुरूत झाली. एकाच्या खुल्या लहरीने दुसऱ्याचं नुकसान होऊ नये, रिसीव्हरला सगळ्या एकत्र वापरता याव्यात आणि खुल्या लहरीची रचना प्रत्येकाने जाहीर करावी, या गोष्टींवर तिथे काम चालतं. त्याच्याही आधीपासून, १९९४ पासून, शास्त्रज्ञांची आयजीएस ही संघटना जगभरच्या केंद्रांवरून उपग्रहांच्या अचूक कक्षा काढून फुकट वाटते. त्यातलं एक केंद्र बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे. ज्या देशांच्या सीमेवर सैन्यं समोरासमोर उभी आहेत त्यांचे अभियंते वर्षानुवर्षं बसून नॅनोसेकंद जुळवत आले, हे मला अजूनही थक्क करतं.

मग मेजरांचा प्रश्न. सगळ्या जगासाठी हे एकदम बंद होईल असं मला आता वाटत नाही. अमेरिकेच्याच बँका, वीजवाहिन्या आणि मोबाइल टॉवर जीपीएसच्या वेळेवर चालतात. पण एखाद्या प्रदेशात लहर बुजवणं किंवा खोटी लहर सोडणं रोज चाललेलं आहे. उपग्रहाची लहर जमिनीवर पोहोचते तेव्हा तिची शक्ती इतकी क्षीण झालेली असते, की एका वॅटचे एक कोटी भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी. तिला बुजवायला मोठं यंत्र लागत नाही. २०२४ मध्ये फिनएअरला एस्टोनियातल्या तार्तू शहराची विमानसेवा याच कारणाने महिनाभर थांबवावी लागली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, विमानांना अशा अडथळ्याच्या ४६५ घटना जाणवल्या. पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेला हा आकडा दिला.

मार्च २०२५ मध्ये दूरसंचार, विमान वाहतूक आणि सागरी वाहतूक या तिन्ही क्षेत्रांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्र निवेदन काढून देशांना या लहरींचं रक्षण करायला सांगितलं. निवेदन योग्यच आहे, पण पाया कच्चा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या घटनेत एकमेकांच्या लहरींत अडथळा आणू नये असं कलम आहे, आणि त्याच घटनेच्या ४८ व्या कलमात लष्करी रेडिओ यंत्रणांबाबत प्रत्येक देशाला पूर्ण मोकळीक आहे. आकाशातल्या कप्प्यांवर इतका बारीक करार करणाऱ्या देशांनी जमिनीवरून होणाऱ्या या लष्करी गोंगाटावर तसं पक्कं बंधन घालून घेतलेलं नाही. प्रवासी विमान, रुग्णवाहिका, मासेमारीची बोट यांच्यासाठी तरी ते घालायला हवं. १९८३ मध्ये २६९ माणसं गेल्यावर एक दार उघडलं होतं. पुढचं उघडण्यासाठी पुन्हा तेवढी किंमत मोजायला लागू नये.

आणि आपलं नाविक? २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह गेले. त्यातही खुली सेवा आणि सैन्यासाठी बंद सेवा, असे दोन कप्पे. पहिल्याच उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. ती स्वित्झर्लंडची होती. त्याच बनावटीची घड्याळं गॅलिलिओतही होती आणि जानेवारी २०१७ मध्ये युरोपनेही घड्याळं बंद पडत असल्याचं जाहीर केलं. बदली उपग्रह २०१७ मध्ये उष्णतारोधक कवच न सुटल्याने वाया गेला. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ गेला, त्यात अहमदाबादला बनलेलं आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ आहे. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने संसदेत सांगितलं की सोडलेल्या ११ उपग्रहांपैकी जागा आणि वेळ सांगण्याचं काम चार करत आहेत. चार म्हणजे गणिताला लागतात नेमके तेवढेच. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण बंद कप्पा ज्याचा स्वतःचा आहे त्याचंच व्हिएन्नाच्या टेबलावरचं म्हणणं जड ठरतं, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं.

एनव्हीएस-०१ मधली एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते. आधीचे नाविक उपग्रह एल-५ आणि एस या पट्ट्यांवर बोलत. हा त्यांच्या जोडीला एल-१ वरही बोलतो, म्हणजे त्याच १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, जिथे जीपीएस आणि गॅलिलिओ आहेत. स्वस्तातला साधा रिसीव्हरही ती लहर पकडू शकतो, फक्त बनवणाऱ्याने तशी सोय करायला हवी. ती सोय तो तेव्हाच करतो जेव्हा गिऱ्हाईक मागतं.

गेल्या आठवड्यात ऑफिसात नवा रोव्हर घ्यायचं निघालं. विक्रेत्याशी बोलणी करायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. त्याने वजन सांगितलं, बॅटरी सांगितली, काठी तिरकी असली तरी बिंदू घेता येतो ते करून दाखवलं. मी विचारलं, नाविकचं एल-१ चालतं का? तो म्हणाला, "मॅडम, एल-५ चालतं. एल-१ फर्मवेअर अपडेटमध्ये येईल. आजवर कोणी मागितलं नाही." मी म्हटलं, आम्ही मागतोय, कोटेशनवर तसं लिहून द्या.